तणसातल्या गोळ्या

१० डिसेंबर १९८१. मुलीच्या अंथरुणाखालचं तणस बदलायचं होतं.

मळणी झाली की आमच्याकडे धानाच्या तणसाला, म्हणजे पेंढ्याला, तोटा नसतो. थंडीत खाली तणस, त्यावर पोतं, वर गोधडी, असंच अंथरूण घरोघर असे. माझ्या आठ वर्षांच्या मुलीचं तणस मात्र मला रोज सकाळी उचलून खताच्या खड्ड्यात टाकावं लागायचं. पावसाळ्यात तिला तलावाच्या पाळीवर फिट आली होती. पाण्यापासून हातभर अलीकडे पडली, म्हणून वाचली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी रोज संध्याकाळी एक गोळी लिहून दिली आणि एक दिवसही चुकवायची नाही, असं बजावलं. फिट परत आली नाही. पण तीन वर्षांची असल्यापासून कोरडी निजणारी पोर महिनाभरात अंथरूण ओलं करू लागली.

दोन्हींचा संबंध मी लावला नाही. थंडी आहे, आळस आहे, असं ठरवून मोकळी झाले. डॉक्टरांकडे नंतर दोनदा जाऊन आले, पण हे सांगितलं नाही. परक्या पुरुषाला मुताचं काय सांगायचं! त्याऐवजी दिवे लागल्यावर पाणी बंद, रात्रीची पेज बंद, आणि तरीही ओलं झालं की दोन धपाटे. सासूबाईंचा उपाय वेगळा होता. त्या तिला दोन्ही वेळ तीळगुळाचा लाडू चारत.

आणि गेल्या आठवड्यात अंथरूण कोरडं राहू लागलं. श्रेयावरून आमची दोघींची रोज जुंपायची.

"माहे तीळ लागू पडले, बाई. तू उगाच पोरीले तहानलेली ठेवतं."

"तीळ तं दोन महिन्यांपासून खाऊन राहिली ते. मंग आताच काहून लागू पडले?"

कोरडं होतं, म्हणून तणस बदललं नव्हतं. त्या सकाळी ते दबून चपटं झालेलं दिसलं, म्हणून पोतं उचललं. भिंतीकडच्या बाजूला काड्यांना चिकटलेल्या, अर्धवट विरघळलेल्या पांढऱ्या गोळ्या होत्या. सहा.

मुलगी दप्तर घेऊन निघाली होती. हाताला धरून आत आणली.

"हे काय होय वं?"

ती आजीच्या मागे सरकून म्हणाली, "गोळी खाल्ली का मुत होते. नाही खाल्ली का नाही होत. मंग तू मारत नाही."

तिनं आपल्यापुरता छडा लावला होता, आणि तो बरोबर होता. मला एवढ्या दिवसांत ते सुचलं नव्हतं. पण सहा दिवस ती औषधाशिवाय होती, आणि त्यातले दोन दिवस मीच तिला धुणं घेऊन तलावावर पाठवलं होतं.

"मंग माहे तीळ?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमचे तीळ पोटात गेले, औषध तणसात गेलं."

भंडाऱ्याची सकाळची एसटी निघून गेली होती. शाळा बुडवली. दिवसभर तिला नजरेआड होऊ दिलं नाही. मी धान पाखडत होते, ती शेजारी पाटीवर अक्षरं काढत होती. तलावाकडे जाणाऱ्या पोरींनी हाक मारली, तर मीच त्यांना परत पाठवलं. संध्याकाळी रोजची एक गोळी समोर बसवून दिली आणि जीभ उचलून दाखवायला लावली.

"मुतशील तं मूत," मी म्हटलं. "तणसाचा ढीग पडला आहे बाहेर. मारत नाही मी."

"खरंच?"

"आजीसमोर सांगून राहिली ना."

"मी आहो ऐकाले," सासूबाई म्हणाल्या आणि तिच्या हातावर लाडू ठेवला. तीळ काही त्यांनी सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तणस ओलं होतं. ते खड्ड्यात टाकलं, तिला आंघोळ घातली आणि पहिल्या एसटीनं भंडारा गाठलं. गोळ्यांची पुडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि फिटबद्दल बोलण्याआधी मुताचं सांगितलं. काही मुलांना या औषधानं असं होतं, ते म्हणाले. मनानं गोळी बंद करायची नाही, हळूहळू दुसरी सुरू करू. हे आधीच सांगायला हवं होतं, असंही म्हणाले. हो म्हटलं आणि चिठ्ठी घेतली.

स्टँडवर आलो तेव्हा दिवे लागले होते. मुलीनं नळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तिची पिशवी धरली आणि नळ सोडला.