तानाआक्काचा शेवटचा पहारेकरी

तानाआक्का बिड्यांचं सूप मांडीवर घेऊनच खेळायची. सुपात पानं नसायची, तंबाखू नसायची. मधोमध असायचा हातात मावणारा व्हिडिओ गेम, आणि त्याच्या काचेवर ऊन पडू नये म्हणून पुढं ओढलेला पदर. बिड्या वळणं तिनं केव्हाच सोडलं होतं, पण सूप मांडीवर नसलं की तिची बोटं चालत नसत.

निपाणीत आमची आणि तिची भिंत एकच होती. तिचा मुलगा सदाशिव आखातात नोकरीला गेला आणि जाताना हा गेम आईजवळ ठेवून गेला. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, आणि अभ्यासाला जागाही नव्हती. म्हणून दुपारभर मी आक्काच्या उंबऱ्यावर वही घेऊन बसायची. कौलांतून उन्हाची एक तिरीप यायची, तिच्यात तंबाखूची जुनी धूळ तरंगत राहायची. आत आक्का एका परक्या बंदरात हिंडत असायची.

गेममध्ये काळ्या कपड्यांतला एक हेर होता. पेट्यांमागं दडत, सावलीतून सरकत त्यानं एकेक फाटक ओलांडायचं. त्याच्याजवळ बंदूक होती. खेळ निम्मा लपण्याचा, निम्मा गोळीबाराचा. आक्कानं मात्र गोळीबाराचा निम्मा खेळ बाजूलाच ठेवला होता.

"आक्का, मार की त्याला. पुढं तरी जाशील."

"का गं? पोटासाठी हुबा ऱ्हायलाय त्यो. माझं काय घोडं मारलंय त्यानं?"

शेवटच्या फाटकापर्यंत एकही गोळी न झाडता जायचं, हा तिचा पण होता. सूचना इंग्रजीत यायच्या. त्या मी शब्दकोश काढून तिला वाचून दाखवायची. माझं इंग्रजी सुधारलं ते त्या उंबऱ्यावर, एका हेराला मिळालेले हुकूम मराठीत सांगता सांगता.

पहिल्या वर्षी मी गणितात नापास झाले. आता शिक्षण सोडते, म्हणून रडत बसले होते. आक्कानं गेम थांबवला. कारखान्यात बिड्या तपासणारा माणूस वाकड्या, सैल बिड्या बाजूला काढतो. अशा बिडीला छाट म्हणतात, आणि बिड्यांच्या जुडीला कट्टा. आक्का म्हणाली, "छाट निघाली म्हणून कट्टा टाकत न्हाईत, पोरी. वाईच बाजूला काढायची, फुडं वळायचं."

हेच तिचं सगळ्याला लावायचं माप होतं. गेमलाही. "चांगलं काय, तर ह्यो कान द्यायला शिकवतोय. पावलाचा आवाज आला की कळतंय, कोन कुटनं आला. सावली लई झ्याक केलीया. आनि मधीच चूल पेटवायची झाली, तर थांबतोय बिचारा." मग ती बोटानं छाट बाजूला काढल्यासारखी करायची. "पन मान वळवायला दोन बटनं दाबाय लागत्यात, तवर मागनं कोन येतंय ते दिसत न्हाय. बंदुकीचा नेम तर देवाच्या हवाली."

"तू बंदूक कधी चालवलीस गं?"

"सदा चालवायचा की. निम्म्या गोळ्या भिताडात!"

पहारेकऱ्यांना ती नावं ठेवायची. शेवटच्या फाटकावरचा होता रामण्णा. त्याच्या स्टुलावर चहाचा कप असायचा. खरा रामण्णा तिच्या तरुणपणी तंबाखूच्या वखारीच्या फाटकावर होता. आत तान्हं मूल न्यायला बंदी होती. आक्का दोन महिन्यांच्या सदाशिवला पदराखाली, सुपाआड लपवून न्यायची. रामण्णाची मान कधी वळते ते बघून ती सटकायची, आणि आपण किती हुशार म्हणून खूश व्हायची. एक दिवस पोर ऐन फाटकात रडलं. रामण्णा दुसरीकडंच बघत राहिला आणि हळूच कानडीत म्हणाला, "होगम्मा, होगु." जा बाई, जा.

"तवा कळलं बग," आक्का सांगायची, "त्याची मान वळत नव्हती. त्यो वळवून घ्यायचा."

गेममधला रामण्णा मान वळवत नव्हता. तिथं खेळ अडायचा. त्याला मारल्याशिवाय फाटक उघडत नसे. मी तसं वाचून दाखवलं, तरी आक्काला पटलं नाही. महिनेच्या महिने ती त्या पेटीमागं बसून राहिली. तो जांभई द्यायचा, खोकायचा, समोरच बघायचा. "वळंल गं. मानूस हाय. चहा गार व्हायलाय त्याचा."

मग तिच्या छातीचं दुखणं वाढलं आणि तिला बेळगावच्या दवाखान्यात हलवलं. जाताना गेम माझ्याकडं दिला, "चार्ज करून ठेव." दोन दिवसांनी मी गेम घेऊन बसनं भेटायला निघाले. आक्काला शेवट बघायला मिळावा असं मला फार वाटत होतं. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली, दोन्हीकडं उसाचे हिरवे पट्टे मागं वाहत होते. काकतीच्या अलीकडं मी रामण्णाला गोळी घातली. फाटक उघडलं.

आक्काचा खेळ होता तसाच ठेवून मी तो शेवट गेममधल्या दुसऱ्या जागी जपून ठेवला आणि दवाखान्यात तिच्यासमोर धरला. उघडं फाटक, पलीकडं समुद्र, होडी, पहाट. आक्का समुद्राकडं बघतच नव्हती. तिनं काचेच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं.

"चहा तसाच ऱ्हायला बग त्याचा."

मी गेम बंद केला. तिनं माझा हात ओढून घेतला. तिची बोटं पान वळल्यासारखी माझ्या बोटांवरून फिरत राहिली.

"आगं, छाट निघाली म्हणून काय कट्टा टाकत्यात व्हय?"

त्याच आठवड्यात ती गेली. सदाशिव आला, दिवस झाले, आणि जाताना गेम माझ्याच हातात ठेवून म्हणाला, "सुमन, ह्यो तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

आज मी बेळगावात, टिळकवाडीतल्या एका कचेरीत गेम तपासायचं काम करते. लोकांपर्यंत जाण्याआधी खेळात चांगलं काय, उणं काय, ते लिहून द्यायचं. लिहिताना बोट आपोआप छाट बाजूला काढतं. मागं एकदा उणिवांच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'यातला पहारेकरी जाणूनबुजून दुसरीकडं बघू शकत नाही.' वरच्या साहेबांनी विचारलं, ही कसली चूक? मी ती ओळ खोडली नाही.

आक्काचा गेम मी अजून चार्ज करते. त्यात खेळ जपायच्या दोन जागा आहेत. माझी मी उघडत नाही. रविवारी दुपारी तिची उघडते आणि पेटीमागं बसते. समोर रामण्णा असतो. जांभई देतो, खोकतो. स्टुलावर चहा असतो.

बंदुकीच्या बटणावरून अंगठा बाजूला घेऊन मी वाट बघते.