तीन मजली तारू

मुलीला लातूरला क्लास लावला आणि खोली शोधत एका घरमालकाकडे गेलो. गृहस्थ दर रविवारी चर्चमध्ये बायबलच्या गोष्टींचा अभ्यास करायचे आणि आठवडाभर तो भाडेकरूंवर वापरायचे. सध्या महापुरातून जीव वाचवणाऱ्या नोहाच्या तारवाचा पाठ चालू होता.

एवढ्याशा खोलीत दोन खाटा बघून मी कुरकुरलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तारवात बी जोडीजोडीनंच घेतलं होतं, साहेब."

"खिडकी एकच?"

"तारवाला बी एकच होती."

"आणि तिसरा मजला?"

"तारवाला बी तीनच मजले. आतले सगळे वाचले!"

देवानं नोहाला माप देताना लातूरचे क्लास डोळ्यांपुढे ठेवले असावेत.

खाली उतरलो, तर अंगणात पत्र्याची खोली आणि आत त्यांचं अंथरूण. मी म्हणालो, "नोहा स्वतःही तारवात बसला होता ना?"

त्यांनी चष्मा हळूच खाली घेतला. "त्याच्या वक्ताला पाणी आलं होतं. मी भूकंप बघितलाय. तवापासून स्लॅबखाली झोपत न्हाई."

इतका खरं बोलणारा घरमालक दुसरा कुठं मिळणार? शिवाय क्लास समोरच होता. मी मुलीची गादी उचलली आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन टाकली.