पितळी कॅमेऱ्यातला रोल

माझा मामा कॅमेरे दुरुस्त करायचा. बाजारात त्याला सगळे 'पितळ्या' म्हणत, कारण पितळी अंगाचा कॅमेरा सोडला तर बाकी सगळी त्याच्या लेखी डबडी. कुणी हलका, नवा कॅमेरा आणला की मामा त्यावर टिचकी मारून म्हणायचा, "ऐका, पावडरचा डबा वाजतोय." गिऱ्हाईक रुसलं तरी बेहत्तर. मामी म्हणायची, "एवढं निरखून यांनी मला लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं."

त्याचा एक नियम मात्र मलाही पाठ होता. मागचं झाकण उघडण्याआधी रोल गुंडाळायची कळ हलकेच फिरवायची. घट्ट लागली तर आत रोल आहे, आणि झाकण उघडलं तर तो उजेडाने जळतो. हे न करणाऱ्याची मामा चारचौघांत बिनपाण्याने हजामत करायचा.

आपला सगळ्यात लाडका कॅमेरा त्याने माझ्या थोरल्या भावाला दिला. दादा लांबच्या दगडखाणीत कामाला निघाला होता. मामाने नवा रोल भरला, एक फोटो स्वतः काढून यंत्र नीट चालतंय याची खात्री केली आणि मगच कॅमेरा त्याच्या हातात ठेवला.

वर्षाच्या आत खाणीचा कडा कोसळला आणि दादा गेला. त्याची पिशवी घरी आली. कॅमेऱ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. "मेल्या यंत्राला काही झालं नाही," आई म्हणाली. खाणीतल्या त्याच्या मित्राने निरोप पाठवला होता, की आम्ही एकमेकांचे फोटो काढलेत, रोल आतच आहे. आमच्या घरात दादाचा शाळेनंतरचा एकही फोटो नव्हता.

आई आणि मी दुकानात गेलो तेव्हा मामाचा एका गिऱ्हाइकाशी वाद चालला होता. त्याच्या हलक्या कॅमेऱ्याचं झाकण अडकलं होतं, तरी हलकाच बरा, हा त्याचा हेका. आईने दादाचा कॅमेरा काउंटरवर ठेवला. ती काउंटरलाच टेकली. रोलचं सांगायचं राहिलं आणि मी तिला बसायला स्टूल ओढायला गेले.

दुःख झालं की मामाच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. बहिणीच्या चेहऱ्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही. त्याने कॅमेरा उचलला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. "याला म्हणतात बांधणी! झाकण बघा, एका बोटाने उघडतं. बिजागरी तसूभर हलत नाही." उघडलेलं झाकण तो दिव्याखाली हलवून दाखवत राहिला.

"मामा, रोल!" मी ओरडले.

नियम सांगणाऱ्यानेच कळ फिरवली नव्हती. दादाकडे तसलं अडकलेलं डबडं असतं, तर माझा भाऊ निदान फोटोत तरी उरला असता. या विचाराने मला अजून संताप येतो.

मामाने मागच्या अंधाऱ्या खोलीत रोल धुतला. वरचे वेढे, म्हणजे खाणीतले सगळे फोटो, जळाले होते. अगदी आतला पहिला फोटो तेवढा वाचला. तो मामाने काढलेला होता. दुकानाच्या दाराचं कुलूप, किल्लीच्या भोकाभोवतीच्या चऱ्यांसकट लख्ख. कडेला कुणाचं तरी पुसट कोपर.

"हा हात कुणाचा?" आईने विचारलं.

मामा खाली बसला.

"त्याचाच. समोर हसत उभा होता गं. मीच म्हटलं, बाजूला हो, कुलूप दिसत नाहीये."