सुकडीची ओटी

माझ्या पणतीनं अंगणवाडीतून आणलेलं सुकडीचं पाकीट फोडलं, आणि त्या गोड, भाजक्या वासानं मला थेट बहात्तरच्या दुष्काळातल्या खडीच्या कामावर नेलं!

मला सातवा महिना होता. आदल्या दिवशी नवऱ्यानं माझा गळा आवळला होता. ते वळ शेजारी खडी फोडणाऱ्या धुरपदामावशींना दिसले. त्या ताडकन उठून ओरडल्या, "बायांनो, ह्या पोरीची ओटी भरायची हाय!"

एकीनं स्वतःच्या कपाळाचं कुंकू मला टेकवलं, कुणी गाणं धरलं, आणि नुकतीच वाटलेली सुकडी ओंजळीओंजळीनं माझ्या ओटीत पडू लागली. मी खुळ्यासारखी हसत होते.

तेवढ्यात नवरा आला. मावशी म्हणाल्या, "जावईबापू, ओटी भरलीया. पोरगी आत्ताच्या यष्टीनं माहेराला जाणार." मागं तीस बाया हातोडे घेऊन उभ्या! तो बाजूला झाला.

ईट गावाला माहेरी पोचेपर्यंत मी सुकडीचे बकाणे भरत होते. हौस झाली म्हणून केवढी हरखले होते मी! मावशींच्या धाकट्या बहिणीला असंच गरोदरपणी नवऱ्यानं विहिरीत ढकललं होतं, हे मला फार नंतर कळलं. आणि ती सुकडी म्हणजे त्या बायांचं दिवसभराचं जेवण होतं. त्या दिवशी तीस जणी उपाशी राहिल्या, म्हणून आम्ही मायलेकी जगलो.