विरार ते अहमदाबाद, सांताक्रूझमार्गे

अहमदाबादला राहणाऱ्या माझ्या भावाला मुलगी झाली, तेव्हा बारशाला तिच्या कानात नाव कोणी सांगायचं यावरून माझ्या दोन्ही बहिणींत जुंपली. मान आत्याचा आणि आत्या दोन. थोरली विरारजवळ बोळिंजला, आमच्याच इमारतीत राहायची. धाकटी तिथून जवळच आगाशीला, सासरच्या वाडीत. भावाने फोनवर स्वतःची सुटका करून घेतली. म्हणाला, "जी आधी पोहोचेल, तिने सांगायचं."

थोरलीने विरारहून पहाटेच्या गाडीचं तिकीट काढलं. धाकटीने विमानाचं. स्वस्त विमानं नुकतीच सुरू झाली होती. तिच्या नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून सोबतीला मी.

"तासाभराचा तर प्रवास," ती म्हणाली. "ताई बडोद्याला असेल, तेव्हा मी पाळणा हलवत असेन."

हिशेब चुकीचा नव्हता. मुंबई ते अहमदाबाद रेल्वेने सुमारे पाचशे किलोमीटर, हवेतून त्याहून कमी, उड्डाण तास-सव्वा तासाचं. फक्त त्यात आगाशी धरलेली नव्हती. विरार अहमदाबादच्या वाटेवरच आहे. विमानासाठी मात्र अहमदाबादकडे पाठ करून सांताक्रूझच्या विमानतळापर्यंत खाली जावं लागतं.

आम्ही अंधारातच जीपने निघालो. वसईच्या खाडीवरच्या पुलाआधी ट्रकांच्या रांगेत अडकलो. धापा टाकत विमानतळ गाठला, तर विमानच उशिरा सुटणार होतं. तेवढ्यात धाकटीचा मोबाइल वाजला.

"मी सुरतेला चहा घेतेय," थोरली म्हणाली. "तू कुठवर आलीस?"

"सांताक्रूझला."

"अगं, म्हणजे घरी होतीस त्यापेक्षाही लांब गेलीस की!"

धाकटीने फोन बंद करून पर्समध्ये कोंबला.

विमान सुटायला दुपार झाली. वर गेल्यावर तिने खिडकीला नाक लावलं. थोड्या वेळाने खाली समुद्रात अर्नाळ्याचा किल्ला दिसला, त्याच्या अलीकडे किनारा, झाडी.

"दादा, ही आपली आगाशी?"

मी हो म्हणालो. पहाटे निघालो होतो. दुपारी पुन्हा घरावर होतो. तिने खिडकीचा पडदा ओढला.

अहमदाबादला उतरल्यावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर सगळ्यांच्या बॅगा आल्या. आमचं सुकेळ्यांचं, म्हणजे आगाशीच्या सुकवलेल्या केळ्यांचं, खोकं सर्वांत शेवटी आलं. खोकं सोडून चल, असं मी एकदा सुचवलं.

"रिकाम्या हाताने आलेली आत्या म्हणवून घेऊ?" ती म्हणाली. आम्ही थांबलो.

भावाचं घर मणिनगरला. थोरलीची गाडी तिथेच थांबते. आम्ही टॅक्सीतून उतरलो तेव्हा थोरली अंघोळ करून, नवी साडी नेसून पाळण्याशेजारी बसली होती.

"ये," ती म्हणाली. "दमली असशील. प्रवास फार लांबचा."

धाकटी थेट मोरीत गेली. चूळ भरली, तोंड धुतलं आणि बायकांना सारून बरोबर थोरलीच्या मागे जाऊन उभी राहिली. थोरली वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन "कुर्रर्र" म्हणाली आणि नाव सांगितलं. त्याच क्षणी आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत आहे. बाकीच्यांनी नुसते हात लावले. धाकटीचा धपाटा बाहेरच्या खोलीत पुरुषांना ऐकू आला. बाळ दचकून रडू लागलं.

थोरलीने पाठ चोळत मागे पाहिलं.

"काय गं, विमानात जेवण बरं दिलेलं दिसतंय!"