सर्वेक्षणाच्या ताई

माझ्यासारख्या नवख्यानं कुणाबद्दल लिहावं हे धाडसच आहे, माफ करा. विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन केंद्रातल्या एक कंत्राटी ताई नाचणगावजवळ आमच्यासोबत गाड्या थांबवून विचारायच्या, "कुठून आले, कुठं चालले?" उत्तर लिहून झालं की म्हणायच्या, "पोहोचले की घरी फोन करजा बरं."

एकदा एक पोरगा आजारी बापाला मोटारसायकलवर एकटाच दवाखान्यात नेत होता. ताई हातातले कागद मला देऊन म्हाताऱ्याला धरून मागं बसल्या. सर्वेक्षण सोडलं म्हणून केंद्राच्या सरांनी त्यांना कामावरून काढलं. ओळखपत्र जमा करून त्या निघून गेल्या.

काल तो पोरगा त्यांना शोधत केंद्रात आला. म्हणाला, "बाबा वाटेतच गेलते. ताईले समजलं होतं. मी गाडी पाडीन म्हणून दवाखान्यापर्यंत सांगत राह्यल्या, 'जीव हाये अजून, भाऊ. सावकाश चाल.'"