टायटलमध्ये नसलेले मामा

आमच्या बालाघाटात लग्नाचा व्हिडिओ अगदी सिनेमासारखा सुरू होतो. आधी गणपती, मग घंटा, मग कमळ उमलतं आणि त्यातून आजोबांचं नाव गरगर फिरत बाहेर येतं. काका विजेच्या कडकडाटात येतात, आत्या फुलपाखरावर बसून. नवरा-नवरी उगवेपर्यंत बघणाऱ्याचा चहा संपलेला असतो.

माझ्या लग्नाच्या टायटलची यादी मीच केली होती. काकांच्या साडूचंसुद्धा नाव होतं. नव्हतं ते फक्त मामांचं, आईच्या सख्ख्या भावाचं! आम्ही सगळे मिळून व्हिडिओ बघत होतो. नावं संपली तसे मामा उठले, अर्धा लाडू ताटलीत ठेवला आणि फटफटीला किक मारून भरवेलीला घरी निघून गेले.

वर्षभर फुगून बसले. आता बहिणीचं लग्न आठ दिवसांवर आलं. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा लागतो, आणि मामांनी तर निरोप धाडला, "जो टायटलमंदी नाई, तो मांडवात कायले?" बहीण रडून रडून लाल. "मामा नाही तर मी उभीच राहणार नाही," म्हणाली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी तडक व्हिडिओवाल्याकडे पळालो. म्हटलं, "भैया, सबसे बड़ा वाला इफेक्ट लगाओ."

दुसऱ्या दिवशी मामांच्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. वाघ आला, डरकाळी फोडली, जबड्यातून आगीचा गोळा निघाला आणि पडदाभर अक्षरं पेटली: मामा.

"इतकंच?" मामा म्हणाले. "पूर्ण नाव काहून नाई?"

मी नजरेनं चप्पल शोधू लागलो.

"सांग बरं, माहं नाव काय?"

आता काय लपवायचं, कपाळ! "मामा, मले माहीतच नाई. आई तुमाले दादा म्हणते, सारा मोहल्ला मामा म्हणते, मामी तर 'आवो, ऐकलं का' म्हणते. आईले विचारून लिहू म्हणून यादीत जागा सोडली अन् विसरलो. मंग विचारायची लाज वाटली."

वाटलं, आता रिमोट डोक्यात बसतो. पण मामांनी तो हळूच खाली ठेवला.

"तुहं तरी काय चुकलं," म्हणाले. "माय गेली तवापासून त्या नावानं मले कोणी हाकच नाई मारली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. उखाण्याशिवाय कधी नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या मामींनी सरळ, खणखणीत नावानं हाक मारली होती. वर म्हणाल्या, "कोट इस्तरीले द्या! पोरगी वाट पाहून राह्यली."

"हौ, आलो वं, आलो," म्हणत मामा डोळे पुसत उठले आणि कपाटाकडे गेले. मी ते नाव लगेच मोबाइलमध्ये लिहून घेतलं.